आमचा बुधवारचा बाजार हलवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती, पुण्याच्या पश्चिमेकडच्या आमच्या उपनगरात मैदानावर दर बुधवारी जो शेतकरी आठवडे बाजार भरतो तो ट्रॅफिकच्या तक्रारींमुळे बंद करायचा किंवा हायवेच्या पलीकडे हलवायचा विचार चाललाय अशी. आठ-दहा ओळींचीच बातमी पण ती वाचल्यापासून मला चैन नाही म्हणून हे पत्र लिहितेय. लांब होणार आहे ते आधीच सांगते, जमेल तेवढं छापा.

आम्ही २०१३ला इथं राहायला आलो. त्याआधी तीस वर्षं पेठेत वाड्यात दोन खोल्यांत संसार केला, मग वाडा पाडला आणि आम्ही इकडं सातव्या मजल्यावर आलो. घर मोठं, उजेड भरपूर, गॅलरीतून टेकडी दिसते, कशाला नावं ठेवायला जागा नाही. पण पहिली चार वर्षं समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंचं आडनाव मला दारावरच्या पाटीमुळे माहीत होतं, बाकी काहीच नाही. लिफ्टमध्ये भेटलो की हसायचो आणि मग दोघी वर नंबर बघत उभ्या. भाजी फोनवरून मागवायची, डिलिव्हरीवाला मुलगा पिशवी दाराला अडकवून जायचा, त्याचाही चेहरा कधी बघितला नाही. मी पोस्टात नोकरी केलेली बाई आहे, आयुष्यभर काउंटरवर माणसं बघितली, मला ते फार जड गेलं.

पेठेत असताना मंडई होती ना. महात्मा फुले मंडईची ती अष्टकोनी इमारत १८८६ची, त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरायचा, म्हणजे मैदानातल्या बाजाराची पुण्याला सवय नवी नाही. जुने पुणेकर मंडईला विद्यापीठ म्हणतात ते उगाच नाही, तिथं राजकारणापासून कुणाच्या मुलीचं कुठं जमलं इथपर्यंत सगळं कळायचं. आणि आपल्या पेठांची नावं बघा, सोमवार मंगळवार बुधवार, पेठ म्हणजे बाजाराची वस्तीच. आता उपनगरं झाली, बिल्डरच्या प्लॅनमध्ये पार्किंग किती, जिम कुठं, स्विमिंग पूल कुठं, सगळं होतं, पण मंडई कुणीच आखली नाही. मग तीन-चार हजार माणसं शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांना भेटायला निमित्तच नाही.

हा बुधवारचा बाजार आमच्याकडं २०१७ला सुरू झाला. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०१६मध्ये, सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला होता, म्हणजे १९६३च्या कायद्यानं जी बाजार समितीतूनच व्यवहार करायची अट होती ती या मालापुरती गेली. त्यानंतर राज्याच्या कृषी पणन मंडळानं शेतकरी गटांना शहरात जागा मिळवून द्यायला सुरुवात केली आणि त्या बाजारांना संत सावता माळ्यांचं नाव दिलं. मला ते नाव फार आवडलं. सावता महाराज सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे, मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत, मळ्यातच विठ्ठल बघितला, आणि आजही पांडुरंगाची पालखी त्यांना भेटायला अरणला जाते. आमच्या बाजाराच्या पहिल्या दिवशी एका शेतकऱ्यानं टेम्पोला महाराजांचा फोटो लावून हार घातला होता, अजूनही दर बुधवारी तो फोटो येतो.

पहिल्या दिवशी मी गेले ती स्वस्त भाजी मिळेल म्हणून, खोटं कशाला बोलू. ताडपत्र्या टाकलेल्या, क्रेट उलटे करून त्यावर वजनकाटे, वीस-बावीस गाळे असतील. आणि मला एकदम माझ्या माहेरचा बाजार आठवला. माहेर सातारा जिल्ह्यात, माण तालुक्याकडचा दुष्काळी पट्टा. माझी आत्या शेजारच्या गावात दिलेली होती, तिचं सासर काही वाईट नव्हतं पण सुनेला माहेरी पाठवायची पद्धत वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि पंचमीला. पण बाजाराच्या दिवशी आत्या सासूबरोबर यायची आणि आजी मला घेऊन जायची, दोघी लसणाच्या ढिगापाशी बसायच्या, लसूण निवडायचं निमित्त करून. आजी पदराखालून धपाटे काढून द्यायची, आत्या जरा रडून घ्यायची, मग तोंड पुसून मीठ-मिरची घेऊन सासूच्या मागं चालायला लागायची. सासूला सगळं कळायचं, ती मुद्दाम बांगड्यांच्या दुकानात वेळ काढायची हे मला खूप मोठेपणी लक्षात आलं. बाजार म्हटलं की मला ते दिसतं. नुसती खरेदी-विक्री असती तर आजी चार मैल उन्हात कशाला चालली असती, लसूण तर परड्यात होता आमच्या.

तर आमच्या बुधवारबद्दल सांगते.

पुरंदर तालुक्यातल्या एक मावशी येतात, अंजीर आणि सीताफळाच्या हंगामात त्यांच्यापुढं रांग असते, एरवी वाटाणा, गवार, घेवडा असं काय काय आणतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ला जीआय, म्हणजे त्या भागाचा खास माल म्हणून मानांकन, मिळालं पण पेठेत राहून मी तीस वर्षं जे अंजीर खाल्लं ते अंजीर नव्हतंच असं म्हणायची वेळ आली. झाडावर पुरतं पिकलेलं अंजीर दुसऱ्या दिवशी मऊ पडतं, म्हणून लांब पाठवायचं तर थोडं आधीच तोडावं लागतं, आणि मावशी पहाटे तोडलेलं त्याच दिवशी संध्याकाळी आपल्या हातात देतात. हे मला त्यांनीच शिकवलं, वर असंही सांगितलं की ताई चार घ्या, आज खाल्ले तर परत या, डझनभर नेऊन फ्रिजमध्ये टाकू नका. अॅपवर असं कोण सांगणार.

जुन्नरकडचे एक दादा आहेत, त्यांच्याकडं मेथी-कोथिंबीर-टोमॅटो. ते पाकिटात एक जुनी पट्टी जपून ठेवतात, घडीवर फाटत आलेली, २०१५ची. शहरातल्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगते, मार्केटला माल गेला की विकल्याचा हिशोब ज्या कागदावर येतो ती पट्टी. वर माल किती आणि भाव काय, खाली वजावट, अडत म्हणजे अडत्याचं कमिशन, हमाली, तोलाई, गाडीभाडं. कोथिंबिरीची ती पट्टी होती आणि सगळं वजा जाऊन खाली जी रक्कम उरली होती ती दोन आकडी होती. दोन आकडी! मी हिशोबाची बाई, तीन वेळा बेरीज-वजाबाकी करून बघितली, बरोबर होती. ते म्हणाले ताई, पैसे कमी मिळाले त्याचं दुःख होतंच, पण माझी कोथिंबीर कुणी खाल्ली, चांगली होती का, हे मला वीस वर्षांत कुणी येऊन सांगितलं नव्हतं, तुमच्या इथं पहिल्यांदा एका बाईनं येऊन सांगितलं की दादा गेल्या वेळची जुडी आठ दिवस टिकली. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. ती बाई म्हणजे माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या, ज्यांचं फक्त आडनाव मला माहीत होतं त्या. त्या दिवशी आम्ही दोघी पहिल्यांदा एकत्र घरी चालत आलो, पिशव्या एकमेकींच्या हातात देत-घेत, आणि आता सात-आठ वर्षं दर बुधवारी पाच वाजता त्या माझी बेल वाजवतात.

केळफुलाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. आमच्या बी विंगमध्ये एक बंगाली कुटुंब आहे, दोघं आयटीत, त्या मुलीनं एकदा मुळशीकडच्या एका शेतकऱ्याला मोडक्या हिंदीत विचारलं की तुमच्याकडं केळीची झाडं आहेत तर फूल का नाही आणत. त्यांना वाटलं देवाला पाहिजे असेल. पुढच्या बुधवारी त्यांनी दोन केळफुलं आणली आणि तिथंच उभ्या असलेल्या आमच्या ए विंगच्या कोकणातल्या आजी पुढं झाल्या, त्यांनाही केळफूल हवं होतं, कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. एकच फूल दोघींना पसंत पडलं. शेवटी आजींनी त्या मुलीला घरी बोलावलं, दोघींनी हाताला तेल लावून ते साफ केलं, अर्ध्याची आजींनी काळे वाटाणे घालून भाजी केली आणि अर्ध्याची त्या मुलीनं तिच्या पद्धतीनं, बटाटा आणि नारळ घालून. डबे आमच्याकडंही आले. आजींना मराठी आणि कोकणी सोडून भाषा येत नाही आणि त्या मुलीला तेव्हा मराठी येत नव्हतं, आता बऱ्यापैकी येतं, कोकणी हेल काढून बोलते. आजी गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या दिवसांना ती मुलगी सगळे दिवस घरात होती, सुनेच्या बरोबरीनं. आणि ते मुळशीचे काका दहाव्याला आले होते, येताना तांदूळ घेऊन.

असं बघा, एवढं सगळं होऊ शकलं ते दर आठवड्याला त्याच दिवशी त्याच जागी तीच माणसं भेटतात म्हणून. कार्यक्रमात हे होत नाही. आमच्या सोसायटीत हळदीकुंकू होतं, गणपती होतो, चांगलं होतं, पण तिथं आपण नटूनथटून जातो, आपापल्या ओळखीच्यांच्यात उभं राहतो. बाजारात माणूस घरच्या कपड्यांवर येतो आणि त्याला दुसऱ्याला विचारावंच लागतं, ही भाजी कशी करतात, हे कडू असतं का, सुट्टे आहेत का. पावसाळ्यात वेल्ह्याच्या बाजूच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात, भारंगी, टाकळा, कुर्डू, करटोली, त्यातली निम्मी नावं शहरात वाढलेल्या पोरींना माहीत नसतात, मग त्या ताडपत्रीभोवती गोल करून उभ्या राहतात आणि त्या बायका सांगतात की भारंगी दोन पाणी उकळून टाक, टाकळा कोवळाच घे, त्यात डाळ भिजवून घाल. माझ्या सुनेनं वहीत लिहून ठेवलंय सगळं. एक निवृत्त काका आहेत, बायको गेल्यावर वर्षभर डबा खात होते, त्यांना बाजारातल्या बायकांनी मिळून स्वयंपाक शिकवला असं म्हटलं तरी चालेल, एका बुधवारी वरण, एका बुधवारी पिठलं, असं करत करत. आता ते पालेभाजी निवडत मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसतात आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण दोन मिनिटं थांबतो. एका बुधवारी ते दिसले नाहीत तेव्हा तीन वेगवेगळ्या माणसांनी त्यांच्या घरी फोन केला, बाथरूममध्ये पाय घसरून पडले होते, वेळेत दवाखान्यात नेता आलं.

लॉकडाऊनमध्ये तर या ओळखीची किंमत कळली. एप्रिल २०२०मध्ये मार्केट यार्डातला भाजीचा व्यवहार बंद ठेवावा लागला, इकडं आम्हाला भाजी नाही आणि तिकडं शेतात माल सडतोय. आमच्याकडं त्या जुन्नरच्या दादांचा नंबर होता, त्यांच्याकडं आमचे होते. बुधवारच्या ग्रुपवर यादी करायची, ते गटातल्या सगळ्यांचा माल एका टेम्पोत भरून, पास काढून गेटपर्यंत यायचे, पाच किलोची पिशवी, त्यात जे असेल ते, कुणी म्हटलं नाही की मला दोडका नको. पहिल्या दोन आठवड्यांत पैशाचा हिशोब नीट लागला नव्हता, कुणी दिले कुणी राहिले, पण महिन्याअखेर एक रुपया कमी पडला नाही. मी स्वतः हिशोब ठेवला होता म्हणून खात्रीनं सांगते.

आणि गारपीट झाली तेव्हा. दादा दोन बुधवार आले नाहीत, तिसऱ्याला आले तर टोमॅटोवर सगळीकडे डाग, मार बसलेला. त्यांनी गाळ्यावर आधीच सांगून टाकलं की माल खराब दिसतोय, चवीला ठीक आहे, भाव तुम्हीच ठरवा. सहा वाजेपर्यंत क्रेट रिकामे झाले, नेहमीच्याच भावानं. त्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी टोमॅटोचं सार, सॉस, चटणी चालू होतं, जिन्यात वास यायचा. आता यात उपकार कुणी कुणावर केले असं मला वाटत नाही, कारण पुढच्याच वर्षी बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेला त्यांच्या मुलीला सेंटर पुण्यात आलं, सकाळी सातला पोचायचं, तर ती दोन रात्री आमच्या समोरच्यांकडं राहिली, त्यांचा मुलगा तिला स्कूटरवर सोडून आला. आता ती नर्सिंग करते आणि समोरच्यांच्या सासूबाईंची शुगर बुधवारी आली की तपासून देते. जानेवारीत आम्ही पंधरा-वीस जण त्यांच्या रानात हुरड्याला जातो, मुलं विहिरीवर जाऊन बसतात, परत यायलाच तयार नसतात. माझा नातू पाच वर्षांचा आहे, त्याला कुणी विचारलं की शेंगा कुठून येतात तर तो त्या दादांचं नाव सांगतो.

आता तक्रारींबद्दल. ज्यांनी तक्रार केली ते काही वाईट लोक नाहीत आणि त्यांचं म्हणणं खोटंही नाही. बुधवारी संध्याकाळी मैदानासमोरचा रस्ता तुंबतो, एकदा एक अॅम्ब्युलन्स अडकली होती, ते मी डोळ्यांनी बघितलंय आणि मला त्याची लाज वाटली. पण रस्ता कशानं तुंबतो ते तर बघा. शेतकऱ्यांचे टेम्पो दुपारी तीनलाच मैदानात आत जातात, रस्त्यावर एकही नसतो. रस्त्यावर उभ्या असतात त्या आमच्या गाड्या, पाचशे मीटरवरून भाजी घ्यायला आणलेल्या. ते आम्हीच सुधारायला पाहिजे आणि सुधारता येतं. गेले तीन बुधवार आमच्या गणेश मंडळाची मुलं चार ते आठ शिट्ट्या घेऊन उभी राहतात, रस्त्याच्या एका बाजूला दोरी लावतात, फरक पडलाय. दर बुधवारी एक ट्रॅफिक हवालदार तीन तास दिला तर प्रश्नच उरणार नाही. आणि हायवेपलीकडं बाजार नेला तर मग खरोखरच सगळ्यांना गाडी काढावी लागेल, आणि ज्यांच्याकडं गाडी नाही, त्या खुर्चीवाल्या काकांसारखे, ते येणारच नाहीत, त्यांना तो रस्ता ओलांडता येत नाही.

दुसरी एक तक्रार असते की त्यात सगळे शेतकरी नाहीत, काही जण मार्केटमधून माल उचलून आणतात. आहेत तसे दोन-तीन, आम्ही ओळखतो. ज्याच्याकडं एकाच वेळी पंचवीस प्रकारच्या भाज्या आहेत, वर सफरचंद आणि ड्रॅगन फ्रूट आहे, तो शेतातून आलेला नाही हे सांगायला लागत नाही. याच्यावर उपाय आहे. माझी बहीण हैदराबादला असते, तिथं जानेवारी १९९९पासून रयतु बझार म्हणजे असेच शेतकऱ्यांचे बाजार आहेत, तिच्याबरोबर मी तीन-चारदा गेलेय. तिथं शेतकऱ्याला फोटोचं ओळखपत्र असतं आणि दारातच मोठ्या फळ्यावर रोजचा भाव लिहिलेला, घाऊक भावाच्या वर आणि बाहेरच्या किरकोळ भावाच्या खाली, म्हणजे दोघांचं भागतं. तमिळनाडूनं त्याच वर्षी मदुराईत पहिला उळवर संधै सुरू केला, पंजाबात अपनी मंडी त्याच्याही आधीची, १९८७ची. इतकी वर्षं चालतंय, म्हणजे चालवता येतं. ओळखपत्र द्या, महिन्यातून एकदा तपासा, पण तीन जणांसाठी अठरा जणांना हाकलू नका.

आमचे हातगाडीवाले भाजीवाले मामा, त्यांचं काय, हा प्रश्न मला सुरुवातीला सतावत होता. सोलापूरकडून आलेले, पंचवीस वर्षं या भागात गाडी लावतात, बुधवारी आणि गुरुवारी त्यांचा धंदा बसला होता आणि ते रागावले होते, बरोबरच होतं त्यांचं. मग त्यांनी आणि बाजारातल्या शेतकऱ्यांनी आपापसातच ठरवलं, रात्री आठ वाजता जो माल उरतो तो मामा एकगठ्ठा घेतात आणि गुरुवारी विकतात. शेतकऱ्याला माल परत न्यावा लागत नाही, मामांना पहाटे मार्केट यार्डला जायची खेप वाचते. हे कुठल्या मीटिंगमध्ये झालं नाही, मैदानात चहा पिताना झालं.

एक गोष्ट मात्र मला जाहीरपणे मागायची आहे. बाजारात ज्या बायका येतात त्या घरून बारा वाजता निघतात आणि परत पोचायला रात्रीचे अकरा वाजतात. मैदानात संडास-बाथरूम नाही. पुरंदरच्या मावशींना एकदा मी पाणी दिलं तर त्या नको म्हणाल्या, मला वाटलं आमच्या घरचं नको असेल, नंतर कळलं की दुपारनंतर त्या पाणी पितच नाहीत, जायचं कुठं म्हणून. दहा-अकरा तास. मला फार वाईट वाटलं, इतकी वर्षं आम्ही त्यांच्याकडून भाजी घेत होतो आणि कुणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं. आम्ही सोसायटीच्या मीटिंगला विषय मांडला, थोडा विरोध झाला, सिक्युरिटीचं काय वगैरे, पण शेवटी खालच्या मजल्यावरचं बाथरूम बुधवारी उघडं ठेवायचं ठरलं, आता शेजारच्या सोसायटीनंही ठेवलंय. ही सोय नागरिकांनी करायची की ज्यांच्या ताब्यात मैदान आहे त्यांनी करायची? दर बुधवारी गाळ्यामागं भाडं घेतलं जातं, त्यातून एक स्वच्छतागृह, एक पिण्याच्या पाण्याचा नळ आणि दोन नीट दिवे व्हायला काय हरकत आहे. थंडीत सहा वाजता अंधार पडतो, शेतकरी मोबाईलच्या टॉर्चवर काटा बघतात.

मी दोनदा संबंधित कार्यालयात जाऊन आले. पहिल्यांदा सांगितलं लेखी द्या, लेखी दिलं, दुसऱ्यांदा सांगितलं की अर्ज सापडत नाही. पोच माझ्याकडं आहे, पोस्टातल्या बाईनं पोच घेतल्याशिवाय अर्ज दिलेला नाही. तिथल्या साहेबांनी मला विचारलं की बाई, सगळं घरपोच मिळतं हल्ली, तुम्हाला त्या धुळीतला बाजार कशाला पाहिजे. मला तिथं पटकन उत्तर देता आलं नाही, घसा दाटून आला. हे सगळं पत्र त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

तर विनंती एवढीच की निर्णय घ्यायच्या आधी कुणीतरी एका बुधवारी येऊन बघावं, शक्यतो साडेपाच ते साडेसात. आपला वार्ताहर पाठवलात तर फार बरं होईल. येत्या बुधवारी आम्ही मैदानाच्या गेटपाशी कडुलिंबाखाली टेबल टाकतोय, सह्या गोळा करायला, तीनशे तर सोसायट्यांमधूनच झाल्यात आणि मामांनी गाडीवर वही ठेवलीय तिथल्या वेगळ्या. अंजिराचा खट्टा बहर चालू आहे, मावशी सहाच्या आत संपवतात, तेव्हा वार्ताहराला लवकर यायला सांगा. खुर्चीवाले काका तिथंच असतील, कुणालाही विचारलं तरी दाखवतील.

आपली,
एक जुनी वाचक, पुणे